पाण्याने कान भरू नयेत म्हणून

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, वय 44. दोन वर्षांपूर्वी पोहायला शिकले आणि आता सकाळच्या बॅचला नियमित जाते. 25 मीटरच्या तलावात थांबत थांबत तीसएक लॅप होतात, बहुतेक फ्रीस्टाइल. अडचण उजव्या कानाची आहे. गेल्या पावसाळ्यात आणि परत या पावसाळ्यात त्या कानात बुरशी झाली. कानाच्या डॉक्टरांनी साफ करून थेंब दिले. आता कान बरा आहे, पडदा शाबूत आहे, पोहायला हरकत नाही पण कान कोरडा ठेवा, असं ते म्हणाले. मेडिकलमधून नारिंगी स्पंजचे इअर प्लग आणले, ते दोन लॅपमध्येच भिजले. मग मैत्रिणीने तिचे दोरीवाले, तीन चकत्यांचे रबरी प्लग दिले. डावा नीट बसतो, उजवा टर्न घेऊन भिंतीला पाय मारला की सुटतो. त्या कानात पाणी जातं आणि कधीकधी गरगरतं. शिवाय प्लग घातले की सरांचं बोलणं ऐकू येत नाही. सर म्हणतात, काही घालू नका, कानाला सवय होते. सासूबाई म्हणतात, कोमट तेल सोड. मी नेमकं काय घेऊ?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नमस्कार ताई,

आधी सरांच्या आणि सासूबाईंच्या सल्ल्याचा निकाल लावू, मग दुकानात जाऊ.

सर अगदीच चुकीचं सांगत नाहीत. धडधाकट कानात पोहताना काहीही घालावं लागत नाही. कानातल्या मळाला आपण घाण समजतो, पण तो तेलकट आणि किंचित आम्लधर्मी असतो. पाणी त्यावर ठरत नाही आणि जंतूंनाही तो मानवत नाही. पोहून आल्यावर मान कलती केली की पाणी निघून जातं, उरलंसुरलं आपोआप वाळतं. तलावावर वर्षानुवर्षं येणारे कितीतरी आजोबा कानात बोळाही न घालता पोहतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण तुमच्या उजव्या कानाने दोन पावसाळ्यांत आपलं मत नोंदवलेलं आहे. डोंबिवलीची दमट हवा, रोजचं पाणी आणि मळाचं पांघरूण निघून गेलेली नाजूक कातडी, एवढं बुरशीला पुरतं. असा कान सवय लावून घेत नाही, तो पुन्हा डॉक्टरांकडे नेतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तेलाची वाटी स्वयंपाकघरातच राहू द्या. कानात तेल सोडण्याची सवय हे आपल्याकडे कानाला बुरशी लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. ओलसर नळीत तेलाचा थर बसला की ओल आत अडकून पडते. कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी लावायचा, हा घरगुती उपाय मात्र खरा आहे, कानाचे डॉक्टरही तो सांगतात. पण तो डोक्यावरून अंघोळ करताना. फ्रीस्टाइलचे चार हात मारलेत की तो बोळा शेजारच्या लेनमध्ये तरंगताना दिसेल.

आता तुमचे नारिंगी प्लग. ते आवाजासाठी असतात. कारखान्यात, विमानात, घोरणाऱ्या माणसाच्या शेजारी झोपताना. बोटांनी दाबून आत सरकवायचे आणि फुगू द्यायचे, अशी त्यांची रचना. हा स्पंज पाणी पितो, म्हणजे तुम्ही पाऊण तास ओला बोळा नळीच्या कातडीला चिकटवून ठेवता. तुमच्या कानासाठी याहून वाईट काही सुचवणं कठीण आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत डेसिबलचा आकडा असतो, त्याला भुलू नका. तो आवाज किती अडतो ते सांगतो, पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. पोहण्यासाठी घेताना पाकिटावर पोहण्याचा स्पष्ट उल्लेख असलेलेच घ्या.

मैत्रिणीचे चकत्यांचे प्लग पोहण्यासाठीच असावेत. ते तिला परत करा, आणि ताई, दुसऱ्याचे प्लग पुन्हा घालू नका. बुरशी झालेल्या कानातून निघालेला प्लग मैत्रिणीला परत देतानाही तिला तसं सांगून द्या. खरं तर तिला नवीनच घेऊन द्या.

पण तो उजवाच का सुटतो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या खरेदीचं उत्तर तिथेच आहे. आत्ता वाचता वाचता करंगळीचं टोक उजव्या कानाच्या तोंडाशी हलकंच ठेवा आणि तोंड मोठं उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी हललेलं जाणवेल. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून, तिच्या पुढच्या बाजूला असतो. नळीचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे लवचीक. तोंड उघडलं की त्याचा आकार बदलतो, मिटलं की पूर्ववत होतो. फ्रीस्टाइलमध्ये तुम्ही श्वास कुठल्या बाजूला घेता? पत्रात लिहिलेलं नाही, पण बहुतेक नवशिके एकाच बाजूला घेतात आणि माझी पैज उजवीवर आहे. प्रत्येक श्वासाला तोंड वासतं, नळी हलते, प्लग केसभर ढिला होतो. त्याच वेळी तो कान पाण्याबाहेर येतो आणि परत बुडतो. एका लॅपमध्ये हे किती वेळा होतं ते मोजून पाहा.

मग येतो टर्न. भिंतीला पाय मारून निघतानाचा क्षण हा तुमच्या सगळ्या लॅपमधला सर्वांत वेगाचा क्षण असतो. हात डोक्यावर जुळलेले, डोकं खाली, आणि पाणी कानांवरून जोरात सरकतंय. आधीच ढिला झालेला प्लग तिथे निघणारच. त्यात बाहेर लोंबणारी दोरी असेल तर पाणी तिला ओढतं. दोरी हवीच असेल तर ती कॅपच्या आत, मानेवर दाबून घ्यायची. मला विचाराल तर पोहण्यासाठी दोरी नकोच.

आणखी एक गोष्ट. माणसाचे दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. डावा प्लग चपखल आणि उजवा सैल, हे दोन्ही नळ्यांची रुंदी किंवा वळण वेगळं असल्याचं लक्षण असू शकतं. चकत्यांचे प्लग ठरावीक मापात येतात. बऱ्याच बायकांना मोठ्या माणसांचं माप मोठं होतं आणि मोठा प्लग आत जास्त जाण्याऐवजी बाहेरच अडून बसतो, म्हणजे सुटायला मोकळा. स्पीडो, अरीना वगैरे कंपन्या डाव्या-उजव्या कानासाठी वेगळे आकार दिलेले प्लगही काढतात. ज्याचा कान त्या साच्याशी जुळतो त्याला ते छान बसतात, न जुळणाऱ्याला ब्रँड मदत करत नाही.

तुमच्या गरगरण्याबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण पहिल्यांदा झालं की माणूस घाबरतो. आपलं अंग 37 अंशांचं, तलावाचं पाणी त्याहून बरंच गार. गार पाणी एकाच कानात शिरलं की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांमधला द्रव एका बाजूला थंड होऊन हलू लागतो. मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. दुसरा कान म्हणतो, छे, काही फिरत नाही. या भांडणाचं नाव चक्कर. व्हिएन्नामधले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत असताना त्यांच्या लक्षात आलं की पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्णांना गरगरतं. त्यावरून त्यांनी तोलाच्या इंद्रियाचा जो अभ्यास केला, त्याला 1914 सालचं नोबेल मिळालं. (बातमी पोहोचली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियनांच्या कैदेत होते.) तुमच्यासाठी यातला मुद्दा एवढाच की एक प्लग पक्का आणि दुसरा गळका, ही अवस्था दोन्ही कान उघडे ठेवण्यापेक्षा जास्त चक्कर आणते. असं झालं की लेनच्या दोरीला किंवा काठाला धरून थांबा, एका जागी नजर लावा. पाणी अंगाच्या उष्णतेला आलं की मिनिटभरात ते ओसरतं. तलावाबाहेरही, कोरड्या कानानेही गरगरत असेल, तर मात्र तो विषय प्लगचा नाही, डॉक्टरांचा आहे.

तर, काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही सिलिकॉनचे मऊ, हाताने आकार देता येणारे गोळे घ्या. मॅक्सचे पिलो सॉफ्ट हे यातलं जुनं नाव, पण खेळाच्या दुकानांत आणि ऑनलाइन इतरही मिळतात. पाकिटात अशा गोळ्यांच्या काही जोड्या असतात. चकत्यांचे प्लग बाटलीत बूच मारावं तसे आत जातात. हा गोळा कानाच्या तोंडावर झाकणासारखा बसतो. नळी हलली तरी झाकण तिच्याबरोबर थोडं हलतं. माप बघायची भानगड नाही, डावा-उजवा फरक असला तरी अडत नाही, आणि नळीच्या आत काही खुपसलं जात नाही. बुरशीतून नुकत्याच उठलेल्या कातडीला घासणं नको असतं.

हे गोळे बसत नाहीत अशी तक्रार जे करतात, त्यांच्यातले बहुतेक शॉवर घेऊन आल्यावर ते लावायला जातात. सिलिकॉन ओल्या कातडीला चिकटत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : चेंजिंग रूममध्ये, अंगावर पाण्याचा थेंब पडण्याआधी प्लग, त्यावर कॅप, मग शॉवर, मग तलाव. कानाजवळचे केस मागे घ्या, बारीक बटासुद्धा. केस मध्ये आला की तिथून पाण्याला वाट मिळते, आणि काढताना ओरडायची वेळ येते. गोळा तळहातांमध्ये घोळवून गरम करा, गुळगुळीत होऊ द्या. डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढा, उजव्या हाताने गोळा कानाच्या वाटीत ठेवा आणि अंगठ्याने चपटा करत करत कडा चारी बाजूंनी दाबून बसवा. बोटाने आत ढकलायचं नाही. नळीत शिरलेला तुकडा काढायला डॉक्टरांकडे जावं लागतं. लहान मुलांना हे गोळे स्वतःच्या हाताने लावू देऊ नयेत ते याचमुळे. अर्धा तोडून लावण्याची काटकसरही नको. बसला की नाही हे कळायला कानाजवळ बोटं चोळून बघा : आवाज दबलेला यायला हवा, दोन्ही बाजूंना सारखाच.

आता कॅप. माझ्या मते अर्धं काम कॅपचं आहे, आणि दुकानदार प्लग विकताना हे सांगत नाही. कापडी, म्हणजे लायक्राची कॅप प्लग धरून ठेवत नाही. सिलिकॉनची घ्या आणि ती कानांच्या वर न अडवता कान पूर्ण झाकून खाली ओढा. कॅप पाणी अडवत नाही, पण पाण्याचा मारा अडवते, आणि तुमचा उजवा प्लग सुटतो तो माऱ्यामुळेच. केस लांब असतील तर अंबाडा मागे, खालच्या बाजूला घाला. उंच बांधलात की कॅप वर सरकते आणि कान उघडे पडतात. गॉगलचा पट्टाही कानावरून जाऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी दोन-चार लॅप सावकाश मारा, मग टर्न. तलावातून बाहेर आल्यावर मान पुसा, मग कानाच्या मागून अंगठ्याने वर दाबत गोळा एका कडेने हळूहळू सोडवा. झटक्यात ओढला तर आतली हवा खेचली जाऊन पडद्याला त्रास होतो. निघालेल्या गोळ्याची आतली बाजू बघा, आणि हेच खरं परीक्षण. कोरडी असेल तर जमलं. ओली असेल तर कुठल्या कडेने पाणी आलं ते बहुतेक वेळा दिसतंही, कारण तिथे गोळा नीट चिकटलेला नसतो. पोहता पोहता आत गुडगुड जाणवली तर 'बॅच संपू दे' म्हणून रेटू नका. प्लगच्या मागे अडकलेलं कोमट पाणी उघड्या कानातल्या पाण्यापेक्षा वाईट. बाहेर या, काढा, कान कलता करून निथळू द्या. ओल्या कानावर तोच गोळा परत बसणार नाही, त्या दिवशी उरलेला वेळ डोकं वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक करा किंवा बोर्ड घेऊन किक मारा.

गोळे धुऊन कायम वापरायचे नसतात. काही वेळा वापरल्यावर चिकटपणा जातो, केस आणि धूळ दिसू लागते, मग ते टाका. उजव्याचा डाव्याला लावू नका, आणि डबी घट्ट बंद करून ओल्या टॉवेलखाली ठेवू नका.

महिनाभर नीट लावूनही उजवा गळतच असेल, तर मापाचे करून घ्यायचा विचार करा. श्रवणयंत्रासाठी कानाचे साचे जिथे घेतात तिथले ऑडिओलॉजिस्ट पोहण्याचे प्लगही करून देतात का, ते आधी फोनवर विचारा. आत दोरा बांधलेला छोटा बोळा ठेवून पिचकारीने मऊ पदार्थ भरतात, तो काही मिनिटांत घट्ट होतो आणि अख्ख्या कानाचा ठसा बाहेर येतो. तिथे एक गोष्ट आवर्जून सांगा : 'मी फ्रीस्टाइल पोहते, श्वासाला तोंड उघडते.' म्हणजे ते साचा भरताना तोंड उघडं ठेवायला सांगतील आणि प्लग त्या अवस्थेतही बसेल असा होईल. भडक रंगाचा आणि पाण्यावर तरंगणारा मागा, निळ्या फरश्यांच्या तलावात पारदर्शक प्लग हरवला की गेला. यात काही हजार रुपये जातात, म्हणून मी तो पहिला पर्याय म्हणून सांगत नाही.

सरांचं ऐकू न येण्यावर चांगला तोडगा नाही. सर्फिंग करणाऱ्यांसाठी आवाज आत येऊ देणारे, जाळीचे प्लग निघाले आहेत, पण ते महाग आहेत. त्यापेक्षा सरांना आधीच सांगा की मला हाताच्या खुणेने सांगा, आणि सूचना ऐकायच्या तेव्हा काठावर थांबून एका बाजूचा प्लग काढण्याचा मोह टाळा. जीवरक्षकालाही कल्पना द्या. आपल्या सार्वजनिक तलावांत लेन कोणी फारशी मनावर घेत नाही, मागून येणारा 'बाजूला!' म्हणून ओरडला तरी तुम्हाला कळणार नाही. लेनची एक बाजू धरूनच पोहा.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. प्लग घालून खोल बाजूला तळ गाठायला जाऊ नका, वरून उडीही नको. पाण्याचा दाब प्लगला आत रेटतो आणि मागे अडकलेल्या हवेला जायला जागा नसते; पडद्याला इजा होऊ शकते. प्लग पृष्ठभागावरच्या लॅपसाठीच. पुढे कधी मालवणच्या चिवला बीचवर समुद्रात पोहायच्या स्पर्धेत उतरावंसं वाटलं, तर हेच गोळे तिथेही चालतील. खुल्या पाण्यातल्या पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत गॉगल, कॅप आणि नोज क्लिपबरोबर इअर प्लगलाही परवानगी आहे.

दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकवा असं सरांना सांगा. दर तिसऱ्या हाताला श्वास घेतलात की उजव्या कानाची फरफट बरीच कमी होईल, आणि पोहणंही सरळ होईल.

पोहून झाल्यावर टॉवेलचं टोक फक्त बाहेरच्या वाटीपुरतं फिरवा. बड, काडी, हेअरपिन, करंगळीचं नख, काहीही आत नाही. हेअर ड्रायर असेल तर सौम्य गरम हवा हातभर अंतरावरून थोडा वेळ कानाकडे धरली तरी पुरते. कान सुकवायचे स्पिरिट किंवा व्हिनेगरचे थेंब पडदा शाबूत असणाऱ्यांना चालतात. तुमचा आहे, तरी बुरशीचा इतिहास पाहता ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. कानासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर किंवा पाळी ओढल्यावर दुखलं, खाज थांबेना, पाणी येऊ लागलं, तर त्या दिवसापासून पोहणं बंद, प्लग घालूनही नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांनी कानदुखी दोन दिवससुद्धा अंगावर काढू नये.

बुरशी दोन्ही वेळा पावसाळ्यातच झाली, त्यामुळे पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एकदा डॉक्टरांना कान दाखवून या. जाताना प्लगची डबी आणि कॅप बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर लावून दाखवा. आतून कान तपासणाऱ्याला बाहेरून प्लग कसा बसलाय हेही बघू द्या.